उशाखालची माती

नुकू, राम्बी बेट, फिजी
३ मार्च २०१७

हेन्या,

'प्रिय' लिहायचं विसरले नाही. लिहिलं नाही.

तुझं पुस्तक मिळालं. तू पाठवलेलं नव्हे. तू पाठवलंच नाहीस, आणि का पाठवलं नाहीस ते आता कळलं. माझी भाची रुता सुवाला कॉलेजात शिकते, तिच्या लायब्ररीत ते आलं. सुट्टीला येताना ती घेऊन आली. मी ओसरीत तारोची पानं निवडत बसले होते. ती ओरडली, "मावशी, आजीचं नाव आहे यात!" मी म्हटलं, मोठ्याने वाच, शेजारी ऐकू जाऊ दे. इतकी मी मूर्ख.

आर्मेनियन झाले, तिबेटी झाले, मग आम्ही. देशोधडीला लागलेल्या सगळ्यांना तू तुमच्या ज्यू लोकांशेजारी उभं करून उंची मोजली आहेस. मोज बापडी, तुझा धंदाच तो. पण त्यात एक वाक्य आहे: "बानाबाच्या लोकांतही, ज्यूंप्रमाणेच, मृताच्या उशाखाली मायभूमीची चिमूटभर माती ठेवण्याची प्रथा आढळते."

प्रथा? हेन्या, ही प्रथा या ओसरीत तू सुरू केलीस. २००८ च्या आधी राम्बीवर कुणी असलं काही ऐकलेलं नव्हतं. स्वतःच बी पेरायचं आणि मग 'बघा, इथेही हेच झाड' म्हणून टिपून घ्यायचं, याला तुमच्याकडे संशोधन म्हणत असतील.

तेही मी गिळलं असतं. मग रुताने प्रस्तावना वाचली. "बानाबावर मला कधीच पाऊल ठेवता आलं नाही. पश्चिमेच्या वाऱ्यांनी तीन दिवस बोट किनाऱ्याला लागू दिली नाही आणि चौथ्या दिवशी कप्तानाने ती माघारी वळवली." मी पानं निवडतच राहिले, म्हणून पोरीने पुन्हा वाचलं. मला ऐकू आलं नाही असं तिला वाटलं.

आता आठव. तू आलीस त्या दिवशी चर्चमधून बातमी सुटली, की बायबलमधली एक बाई उतरली आहे. म्हातारी माणसं तुला बघायला काठ्या टेकत आली. आईने तुला विचारलं, "समुद्र दुभंगला तेव्हा तुमच्या घरातलं कोण होतं तिथे?" आणि तू हसली नाहीस. आईने तुला त्याच क्षणी पास केलं. बाउरोमामाचा प्रश्न वेगळा होता. इतकी वर्षं बाहेर राहून तुम्ही गाव विसरला कसे नाहीत? तू म्हणालीस, दर वर्षी सणाच्या जेवणाला आम्ही म्हणतो, पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये.

"किती वर्षं म्हणताय?"

"दोन हजार तरी झाली."

"अगं आई गं! आमचं पुढचं वर्ष इतकं लांबलं तर मला नाही जमायचं बाई. माझे गुडघे आत्ताच गेलेत," मामा म्हणाला. आणि मग, हसणं ओसरल्यावर, "तुम्ही नव्हतात तेव्हा तिथे कोण राहत होतं?"

तू म्हणालीस, ते वेगळं प्रकरण आहे. मामा म्हणाला, "असणारच. पण त्यांच्याही जमिनीला काहीतरी नाव असेल." तू ते वहीत लिहून घेतलंस. पुस्तकात मात्र नाही, मी शोधलं.

त्याच संध्याकाळी तू तुझ्या वडिलांचं सांगितलंस. त्यांना मेलबर्नमध्ये पुरलं तेव्हा डोक्याखाली जेरुसलेमच्या डोंगरावरच्या मातीची एवढीशी पिशवी ठेवली होती. आई चटईवर आडवी झाली होती, झोपली असं आम्हाला वाटलं. सकाळी उठून पहिलं वाक्य बोलली ते हे, "मलाही ते उशाखालचं हवं. तेराउआचं."

तेराउआ म्हणजे तिच्या आईकडची जमीन, बानाबाच्या मध्यावरची. आमच्यात जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला नाव असतं आणि नाव सांगता आलं नाही तर जमीन तुमची नसते. आई सात वर्षांची असताना बेट सुटलं. आधी जपान्यांनी हाकललं, आणि लढाई संपल्यावर ब्रिटिश साहेबांनी परत न्यायच्याऐवजी इथे दोन हजार किलोमीटरवर, ऐन वादळाच्या मोसमात, तंबूत आणून टाकलं. घरं मोडली आहेत म्हणाले. घरं मोडली होती हे खरं. बेट खोदून खताचा दगड न्यायचं काम तेवढं मोडलेलं नव्हतं. हे सगळं तुझ्या पुस्तकात आहे आणि बरोबर आहे.

तू बानाबाला जायला निघालीस तेव्हा आईने तेराउआच्या खुणा तुझ्याकडून तीनदा घोकून घेतल्या. आठ महिन्यांनी तू पिशवी घेऊन आलीस. कस्टमवाले धरतील म्हणून पावडरच्या डब्यात लपवून आणलेली. आईने त्या मातीचा वास घेतला. म्हणाली, "हीच." तू तिच्यासमोर बसली होतीस, हेन्या. दीड हातावर.

पुढच्या वर्षी आई गेली, तिच्या उशाखाली ती आहे. उरलेली मी सांभाळली, आणि लोक मागायला आले तशी चिमूट चिमूट दिली. आजवर पाच कबरी झाल्या.

एकच विचारते. ती माती कुठली?

तिरिया


नुकू
१९ मे २०१७

हेन्या,

उत्तर आलं. चार पानं. त्यातली साडेतीन तुला कसं वाटलं याबद्दल आहेत.

म्हणजे ऑस्ट्रेलियातलं शेपर्टन. तुझ्या आजोबांची फळबाग, आता तुझा भाऊ बघतो ती. तिथल्या नासपतीच्या झाडाखालची माती तू उकरलीस, पिशवीत भरलीस आणि माझ्या आईला तेराउआ म्हणून दिलीस. "तिचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि खरं सांगवेना," असं लिहितेस. चेहरा बघून खोटं मात्र बोलवलं.

मग पुढे तुझा तो खुलासा. आजोबा बागेला वर्षानुवर्षं 'बेटावरचं खत' घालायचे, गोठ्यात अजून जुनी पोती सापडतात, म्हणजे त्या मातीत बानाबा आहेच, म्हणजे ते अगदीच खोटं नव्हतं. हेन्या, मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. चोरी झाल्यावर सुचलेलं कारण आणि आधीपासूनचं कारण यातला फरक मला दुसरीच्या पोराच्या तोंडावरही दिसतो. आधी तू खोटं बोललीस. पोत्यांची आठवण तुला मागाहून आली. तसं नसेल तर तेव्हाच का नाही बोललीस? आई ऐकून घेणारी बाई होती.

समज, तुझे वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. मी इथल्या ओढ्याकाठची रेती पिशवीत भरून आणते आणि सांगते, घ्या काका, जेरुसलेम. तू मला घरात उभी केली असतीस का? तुझ्या वडिलांना खरी मिळाली. माझ्या आईला बदली चालली.

आणि तू परकी असतीस तर मी दोन शिव्या देऊन गप्प बसले असते. आईने तुला मुलगी केलं होतं. सभाघरात, सगळ्यांसमोर. आमच्यात लेक करून घेतली की नुसतं 'बाळ' म्हणून भागत नाही, जमीन द्यावी लागते. आईने तेराउआचा उत्तरेकडचा भाग तुझ्या नावाने तोंडाने सांगितला, साक्षीदार बसवून. माझ्या वाटणीतला. मी हूं की चूं केलं नाही, मला आनंद झाला होता. म्हणजे तू स्वतःच्या जमिनीबद्दल स्वतःच्या आईला फसवलंस. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

तुला सगळ्यात जास्त काय लागेल ते सांगू? साहेबही असंच करायचे. आमच्या भल्याचं काय ते आम्हाला न विचारता ठरवायचे, आणि आम्ही दुखावू नये म्हणून आम्हाला सांगायचे नाहीत. तू त्यांच्याविरुद्ध पन्नास पानं लिहिली आहेस. चांगली आहेत.

आता खरी अडचण. बाउरोमामाच्या पोटात पाणी झालंय. ब्याऐंशी वर्षं झाली, डॉक्टर म्हणतात नाताळ बघणार नाही. परवा मला जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, "माझा वाटा ठेवलायस ना गं? की आकोइआने सगळी नेली?" माझी आई म्हणजे त्याची धाकटी बहीण, मरेपर्यंत तिने प्रत्येक गोष्टीत त्याच्याआधी हात घातला अशी त्याची तक्रार.

डब्याच्या तळाशी एक मूठ उरली आहे. मी म्हटलं, "ठेवलाय मामा."

बघ. तुझं खोटं आता माझ्या तोंडात आलं. पाच घरं मला रस्त्यात भेटतात, हात धरतात, आणि मी हसते. मामाच्या उशाखाली मी ते घालणार नाही. जुलैत बानाबाला बोट जाते आहे, तिथल्या राखणदारांसाठी तांदूळ आणि डिझेल घेऊन. मी त्यावर चढणार आहे. मला बोट लागते, पाण्याची भीती वाटते, आणि मी एकोणसाठ वर्षांची आहे. पण तुझ्यासारखी चौथ्या दिवशी वळणार नाही.

तिरिया


बानाबा
८ ऑगस्ट २०१७

हेन्या,

मी पोचले. हे पत्र बोटीचा खानसामा तारावा बंदरात टाकेल.

किनारा लागला तेव्हा मी रडले नाही. सगळ्यांनी सांगितलं होतं की रडशील. मला फक्त उलट्या होत होत्या. धक्क्याची लोखंडी हाडं गंजून उभी आहेत, खताच्या कंपनीच्या घरांचे पत्रे वाऱ्यात वाजतात, आणि तीनएकशे माणसं बेट सोडायचं नाही म्हणून राखणीला बसली आहेत. पाऊस चार महिने झालेला नाही. राम्बीवर आम्ही पावसाला शिव्या घालतो, त्याची मला लाज वाटली.

इओतेबा नावाचा म्हातारा मला वर घेऊन गेला. आईने घोकून घेतलेल्या खुणा मी त्याला म्हणून दाखवल्या. पांदानसचं झाड, पालथ्या होडीएवढा खडक, पाण्याच्या गुहेकडे उतरणारी वाट. तो थांबला. म्हणाला, "झाड नाही, खडक नाही. गुहा आहे, त्यावरून सांगतो. इथून त्या तिसऱ्या सुळक्यापर्यंत तेराउआ."

मी खाली बघितलं. खाली काहीच नाही, हेन्या. दोन-दोन पुरुष उंचीचे पांढरे दगडी सुळके उभे आहेत, तोंडातले दात उरावेत तसे, आणि मध्ये खड्डे. मी काठावर बसून विचारलं, "माती?"

"माती कुठली आता बाई. तीच तर नेली."

"एक मूठ?"

"खड्ड्यात उतरलीस तर पाय मोडशील, मूठ नाही मिळायची."

मी काठावरून हात खाली घालून चाचपत होते. तो बिचारा कानकोंडा झाला. माणूस मोठ्या मनाचा. मला खाली किनाऱ्यालगत त्याच्या घरामागे घेऊन गेला. तिथे पपईची दोन झाडं आहेत आणि त्यांच्या बुडाशी खरीखुरी काळी माती. "ही घे की. ही पण बानाबाचीच. लागेल तेवढी घे."

मी घेतली. रुमालात बांधली. गाठही मारली. मनात म्हटलं, मामाला काय कळतंय, डोळेही अधू झालेत. आई म्हणाली होती तसं तोही म्हणेल, "हीच." आणि सुखाने जाईल.

बोटीकडे अर्धी वाट चालून आल्यावर मी थांबले. ती इओतेबाची जमीन होती. तिला तिचं नाव आहे. मामाला मी जन्मभरासाठी नव्हे, कायमचा दुसऱ्याच्या घरात झोपवणार होते आणि वर सांगणार होते की हे तुझं. मी परत गेले, रुमाल सोडला, माती झाडाच्या बुडाशी नीट पसरली. इओतेबा घरात जाऊन सुरी घेऊन आला. त्याने मला पपई कापून दिली.

तुला माफ केलं असं समजू नकोस. फक्त रुमालाची गाठ किती सहज बसते, ते कळलं.

एक गोष्ट तुझ्या पुस्तकात चुकली आहे, ती पुढच्या आवृत्तीत दुरुस्त कर. तुमची माणसं देशातून गेली. देश जागच्या जागी राहिला. कुणी राहिलं, कुणी लढलं, कुणी हक्क सांगितला, अजून सांगतात, पण भांडायला तरी जमीन होती. आमची माणसंही हलवली आणि देशही टोपल्यांतून बोटीत भरून नेला. 'पुढच्या वर्षी' म्हणायला आम्हाला जागाच ठेवली नाही. आम्हाला तुमच्या रांगेत उभं करू नकोस, आणि तुमच्यामागेही नको.

मी रिकाम्या हाताने परत निघाले आहे.

तिरिया


नुकू
२४ सप्टेंबर २०१७

हेन्या,

मामा गेला. गेल्या मंगळवारी, दुपारी, जेवणं चालू असताना.

मी परतले तेव्हा तो शुद्धीत होता. मी त्याला सगळं सांगितलं. बोट वळली ते, पिशवी, बाग, आणि खाली काहीच नसलेलं तेराउआ. वाटलं होतं, धक्क्याने तिथेच आटपेल. त्याने पाणी मागितलं, दोन घोट प्यायला. मग म्हणाला, "म्हणजे आकोइआला सात वर्षं परक्याच्या मळ्यात झोपवलीस?"

"हो मामा."

"कसला मळा?"

मी तुझं ते पोत्यांचं कारण सांगितलं. तिरसटपणे सांगितलं, जसं मला वाटतं तसं, की बघ बाईला काय काय सुचतं. तो ऐकता ऐकता हाताच्या कोपरावर उठायला लागला. मी म्हटलं, पड, पड. तो ऐकेना.

"माझा बाप टोपल्या भरायचा," तो म्हणाला. "तेराउआची पहिली कड खोदली तेव्हाही तोच होता, मजुरीवर. घरी आला की अंगावरून पांढरी धूळ झडायची. मी विचारायचो, बाबा, ही बोट कुठे जाते? तो म्हणायचा, साहेबाला विचारलं, साहेब म्हणतो 'लांब'. एवढंच. बाप मरेपर्यंत 'लांब' एवढंच ठाऊक होतं त्याला." मग माझं मनगट धरलं. "त्या गावाचं नाव काय म्हणालीस?"

"शेपर्टन."

त्याने ते दोन-तीनदा म्हणून बघितलं. आईने तुझ्याकडून खुणा घोकून घेतल्या होत्या तसं. "काय पिकतं तिथे?"

"नासपती."

"गोड असते?"

"मी नाही खाल्ली कधी."

आणि मामा हसायला लागला. पोट धरून, दुखत असताना. "बघ! ऐंशी वर्षं आपल्या जमिनीचं फळ लोक खातात, आणि आपल्यातल्या एकीने ते चाखून नाही बघितलं! तुझ्या त्या बहिणीला सांग, माती आणलीस, फळ आणायला काय झालं होतं?" तुला तो अजून माझी बहीणच म्हणत होता. मी दुरुस्त केलं नाही.

मग म्हणाला, "ती मूठ माझ्या उशाखाली घाल. पण आधी सभाघरात सांग ती कुठली. नाव घेऊन सांग. बिननावाची माती मला नको."

मी सांगितलं, हेन्या. दफनाच्या आधी, पाचही घरच्या लोकांसमोर उभी राहून. नेइ ताबिताच्या नवऱ्याच्या उशाखाली मीच घातली होती. ती उठली, माझ्यासमोर आली, आणि मला वाटलं थोबाडीत देणार. ती म्हणाली, "तुझ्या तोंडाकडे बघून मी नवऱ्याला निरोप दिला होता," आणि सभाघराबाहेर गेली. ती माझ्याशी बोलत नाही. बहुतेक बोलणारही नाही. बाकीचे बराच वेळ आपसात भांडले, मग कुणीतरी विचारलं की मळा केवढा आहे, पाणी आहे का, आणि फाटकावर नाव कुणाचं आहे. मी म्हटलं, बघून येते आणि सांगते.

मूठ मामाच्या उशाखाली घातली. डबा आता रिकामा आहे.

मी तुला माफ केलेलं नाही, हे दुसऱ्यांदा लिहिते म्हणजे विसरणार नाहीस. मामाने जे शोधून काढलं त्याचं श्रेय तू घ्यायचं नाहीस. आईला हे सगळं ऐकायचा हक्क होता. तीही हसली असती कदाचित, किंवा शिव्या दिल्या असत्या. दोन्हीपैकी काय, ते तू मला आणि तिला कधीच कळू दिलं नाहीस. ते माझ्या मनातून जाणार नाही.

आता काम. मी ऑस्ट्रेलियाच्या व्हिसाचा अर्ज भरला आहे. तिथल्या माणसाचं बोलावणं लागतं, ते तू लिहून पाठवायचंस. मार्चमध्ये नासपती तोडतात असं रुताने शोधून सांगितलं, म्हणजे मार्चची तारीख घाल. तुझ्या भावाला सांग की आम्ही त्याचं काही काढून घ्यायला येत नाही. आमच्यात हद्द फिरून नाव उच्चारावं लागतं, साक्षीदार लागतात. तो एक आणि तू एक. तुझा उत्तरेकडचा भाग आहे, त्यामुळे तुला तसंही चालावं लागेल.

अर्जात 'प्रवासाचं कारण' असा रकाना आहे. रुता म्हणाली, मावशी, 'मैत्रिणीची भेट' लिही, लगेच देतात. मी लिहिलं आहे: स्वतःची जमीन बघायला. ते तुला फोन करून विचारतील, हे खरं का. या वेळी खरं ते सांग.

तिरिया